खालची मोकळी ओळ

मी एक जुना लाकडी फलक आहे, मित्रांनो. शाळेतल्या फळ्याशी माझे नाते जोडू नका. त्याच्यावर रोज लिहितात आणि रोज पुसतात, त्याचे बरे असते. माझ्यावर एकदा लिहिले गेले आणि ते सोळा वर्षे कोणी पुसले नाही. एका सार्वजनिक वाचनालयाच्या दारातून आत पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर मी दिसतो. रंग उडाला आहे, डावीकडच्या कोपऱ्याला भेग गेली आहे आणि पाठीवर शाईचा तळहाताएवढा डाग आहे. तो डाग भिंतीकडे असल्यामुळे तुम्हाला दिसणार नाही, पण माझी हकीकत तिथूनच सुरू होते.

कारण मी जन्माने फलक नव्हेच. मी आधी टेबल होतो. याच वाचनालयात, याच दारासमोर वीस वर्षे मी चार पायांवर उभा होतो आणि माझ्यामागे जुने ग्रंथपाल बसत. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांच्या कोपरांनी माझा एक भाग इतका गुळगुळीत झाला होता की तिथे पेन्सिल ठेवली तर घरंगळायची.

त्या काळी वाचनालयाचे नियम कुठेच लिहिलेले नव्हते. ते मोठ्या साहेबांच्या डोक्यात होते, आणि सकाळचा चहा कसा झाला यावर ते रोज थोडेफार बदलत. लाकडाच्या वखारीचे मालक नकाशांचे जाडजूड पुस्तक बगलेत मारून घेऊन गेले, ते वर्षभर आणलेच नाही. साहेब हसून म्हणाले, "असू द्या हो, वाचनालय आपलंच आहे." आणि त्याच आठवड्यात गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाई सभासद व्हायला आल्या, तर साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"तुम्हाला काय करायचंय वाचून? पुस्तकांना मशीनचं तेल लागतं."

"हात धुऊन आलेय मी," बाई म्हणाल्या. "आणि नसेल घ्यायचं तर तसा नियम कुठे लिहिलाय, तेवढा दाखवा."

"इथे लिहिलाय!" असे म्हणत साहेबांनी माझ्यावर इतक्या जोरात बोट आपटले की दौत कलंडली. सगळी शाई माझ्या अंगावर सांडली. साहेबांनी टिपकागद शोधेपर्यंत ती आत मुरली. तो हा डाग.

शिवणाऱ्या बाई निघून गेल्या. मला वाटले, गेल्या. पण त्या घरोघरी कपडे पोचवत असत, आणि पुढच्या महिनाभरात त्यांनी प्रत्येक कपड्याबरोबर एक कागद फिरवला. त्यावर एकच मागणी होती : वाचनालयाचे नियम लिहून सगळ्यांना दिसतील असे लावा. एकशे बारा सह्या झाल्या. वाचनालय चालवणाऱ्या समितीला घाम फुटला. मोठ्या साहेबांना हार घालून निरोप देण्यात आला आणि त्यांच्या जागी एक नव्या बाई नेमल्या गेल्या.

या आमच्या ताई. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. अंगाने काटकुळ्या, चष्म्याला दोरी बांधलेली, आणि चालणे असे की फरशीला घाई झाल्यासारखी वाटावी. पहिल्याच दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, डागावर बोट ठेवले आणि सुताराला म्हणाल्या, "हे टेबल तोडा. वरच्या फळीचा फलक करा. डागाची बाजू भिंतीकडे."

सुताराने माझे पाय कापले तेव्हा मला दुःख झाले, हे कबूल करतो. पण जमिनीवरून उठून भिंतीवर गेलो, माझा मान वाढला, म्हणून ते लवकरच विसरलो. सुताराने मला रंधा मारला, घासले, काळा रंग दिला. मग पेंटर आला. त्याच्या हातात ताईंनी एक कागद दिला. अकरा नियम, सगळे एका बैठकीत लिहिलेले. संदर्भग्रंथ वाचनालयाबाहेर नेऊ नयेत, हा दुसरा. मोठ्याने बोलू, वाचू किंवा हसू नये, हा तिसरा. पुस्तकाचे पान दुमडू नये, हा चौथा. वाचनालयाची कोणतीही वस्तू, अगदी कागदाचा कपटासुद्धा, न विचारता बाहेर नेऊ नये, हा सातवा. आणि प्रत्येक नियमापुढे तेच तीन शब्द : सभासदत्व कायमचे रद्द.

पेंटरने डोके खाजवले. "ताई, हे एकदाच खाली लिहू का? अकरा वेळा कशाला? हात मोडेल माझा."

"प्रत्येकापुढे लिहायचं. कुणी म्हणायला नको, मला दिसलं नाही."

समितीचे अध्यक्ष शेजारी उभे होते. सज्जन गृहस्थ, पण कुणाला दुखवायचे म्हटले की मागे सरायचे. ते चाचरत म्हणाले, "ताई, पान दुमडलं तरी कायमचं रद्द, आणि पुस्तक चोरलं तरी कायमचं रद्द? थोडं कमीजास्त नको का?"

"पान दुमडणाऱ्याला ही शिक्षा बरोबरच आहे," ताई म्हणाल्या. "आणि चोराला याच्यापेक्षा मोठी मला सुचली नाही."

यावर कुणीतरी खुदकन हसले. ते होते ताईंचे थोरले भाऊ. पेंटरची शिडी धरायला ते आले होते. ताई त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणतो. आईवडील लवकर गेल्यावर त्यांनीच ताईंना वाढवले होते, अक्षरेही त्यांनीच गिरवून घेतली होती. ते एका छापखान्यात मुद्रिते तपासायचे आणि उरलेल्या वेळात एकट्याने एक कोश तयार करायचे. परक्या भाषांतून आपल्याकडे आलेल्या शब्दांचा कोश. कुठला शब्द कुठून निघाला, वाटेत त्याचे काय काय झाले, आणि आता त्याचा अर्थ काय.

"चिमे," दादा शिडीखालून म्हणाले, "खाली एक ओळ मोकळी ठेव."

"कशाला?"

"असू दे. पुढेमागे काही बदलावंसं वाटलं तर?"

"नियम बदलायला लागला दादा, की पुन्हा ते टेबल आलं." ताईंचा आवाज चढला होता. पेंटरने मात्र दोघांकडे पाहिले आणि खाली एक ओळ सोडून दिली. त्याचा रंग संपत आला होता, एवढेच त्याचे कारण असावे.

मित्रांनो, पुढची वर्षे माझ्या वैभवाची होती. खोटे कशाला बोलू, मी भाव खात होतो. वखारीच्या मालकांना नकाशांचे पुस्तक मुकाट्याने परत आणावे लागले आणि पुस्तक मुदतीत परत करण्याच्या पाचव्या नियमाखाली त्यांचे सभासदत्व गेले. गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. शिवणाऱ्या बाई सभासद झाल्या. पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या राहून अकराही नियम शेवटपर्यंत वाचत होत्या, आणि वाचून झाल्यावर मोठ्या माणसापुढे लववावी तशी त्यांनी माझ्याकडे पाहून मान लववली. तो क्षण मी कधी विसरलो नाही. जो नियम तुम्हाला वाचता येतो तो तुमच्या बाजूचा असतो, असे मला तेव्हा वाटले.

पण हळूहळू खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. या भागात पत्रे वाटणारा पोस्टमन जेवणाच्या सुट्टीत येऊन प्रवासवर्णने वाचायचा. एकदा बोटीवरच्या बकऱ्यांची काही गंमत वाचून त्याला हसू आवरले नाही. मोठ्याने हसला. नियम तिसरा. त्याने फार विनवण्या केल्या नाहीत, टोपी घातली आणि गेला. अकरावा नियम असा होता की रद्द झालेल्या माणसाने आवारातही यायचे नाही. म्हणून त्या दिवसापासून तो वाचनालयाची पत्रे रस्त्यावरूनच खिडकीतून आत द्यायचा, आणि देताना त्याची नजर आतल्या कपाटाकडे जायची. त्या पुस्तकाचा शेवट काय झाला हे त्याला कळलेच नव्हते. खिडकी माझ्यापासून चार हातांवर आहे, त्यामुळे ती नजर मला रोज दिसायची. आपण कुणाचे भले करतो आहोत, असा प्रश्न मला पहिल्यांदा तेव्हा पडला.

दादा मात्र नेमाने येत. खिडकीजवळची तिसरी खुर्ची त्यांची. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर तर ते सकाळीच येऊन बसत. त्यांच्या कामाची रीत सांगितलीच पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच झाले. वाचनालयात प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड असते. पुस्तकाचे नाव, क्रमांक, कपाट. ही कार्डे लांबट खणांमध्ये उभी लावलेली असतात. पुस्तक जीर्ण होऊन बाद झाले की त्याचे कार्डही बाद. ताई त्यावर पेन्सिलने तिरकी रेघ मारत आणि अशी बाद कार्डे साठली की दोऱ्याने बांधून दादांना देत. दादा त्यांच्या कोऱ्या पाठीवर एकेक शब्द लिहीत. म्हणजे वाचनालयाची कार्डे आणि दादांच्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकाच पिवळट रंगाच्या. फरक एका तिरक्या रेघेचा.

संध्याकाळी वाचनालय बंद झाले की मागच्या पायरीवर भाऊबहीण चहा प्यायचे. दादा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहत, ताई वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत. दोघांनाही दुसरे कुणी नव्हते. मागचे दार उघडे असले की त्यांचे बोलणे मला ऐकू येई. बहुतेक वेळा ते एखाद्या शब्दावरून भांडत असत. असे भांडण मी दुसरीकडे ऐकलेले नाही. त्यात कुणालाच जिंकायचे नसायचे.

चौदाव्या वर्षी दादा 'ड' या अक्षरापर्यंत आले होते. त्या दिवशी त्यांनी जुन्या काळातल्या कायद्यांवरचा एक जाड ग्रंथ काढून घेतला होता. कार्डांचा खण टेबलावर आणून ते ग्रंथाचा क्रमांक उतरवून घेत होते. अलीकडे ते कागद डोळ्यांच्या फार जवळ धरून वाचायचे. ताईंनी एकदा विचारले तर म्हणाले होते, "वयाला शोभेल असं काहीतरी करायला हवं ना." सायंकाळी त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, दोरा बांधला, चहा घेतला आणि गेले.

पुढच्या आठवड्यात वार्षिक तपासणी होती. समितीचे दोघे आणि अध्यक्ष कार्ड बघून पुस्तक आणि पुस्तक बघून कार्ड असे जुळवत होते. त्या जाड ग्रंथाचे कार्ड सापडेना. तीन दिवस खण उलटेपालटे करून झाले. कार्ड नसले की पुस्तक असून नसल्यासारखे, कारण ते कुणाला शोधताच येत नाही. ताईंनी तीन दिवस नीट जेवणही केले नाही.

त्या आठवड्यात दादा घरीच लिहीत बसले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले. वाचनालय भरलेले होते. शिवणाऱ्या बाई होत्या, समितीचे लोक याद्या पसरून बसले होते. दादा थेट टेबलापाशी आले आणि त्यांनी एक कार्ड ठेवले.

"चिमे, हे माझ्या चिठ्ठ्यांत गेलं होतं. आज लिहायला घेतलं तेव्हा मागची रेघ दिसेना, म्हणून उलटून बघितलं."

सगळ्यांच्या माना एकदमच वर झाल्या, आणि दादांकडे नव्हे, माझ्याकडे वळल्या. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "सापडलं ना, झालं तर मग. चुकून गेलं हो. आणि ताई, शेवटी घरचाच माणूस."

घरचाच माणूस! अध्यक्षांनी चांगल्या मनाने म्हटले, पण त्या दोन शब्दांनी ताईंची वाट बंद झाली. वखारीच्या मालकांनाही एके काळी मोठ्या साहेबांनी असेच 'आपले' म्हटले होते. खिडकीबाहेर पोस्टमन पत्रे घेऊन उभा होता.  ताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, की अहो, मी लाकूड आहे, माझ्याकडे काय बघता, त्यांच्याकडे बघा! पण माझ्या अंगावर सातवा नियम होता, आणि त्यापुढे तेच तीन शब्द होते.

"वाच ना," दादा हळूच म्हणाले. "सात नंबर. सगळ्यांना सारखाच आहे तो. तूच लिहिलायस." त्यांनी खिशातून सभासदपत्र काढून टेबलावर ठेवले. ताईंनी शिक्का उचलला. तो मारला, पण 'रद्द' हा शब्द तिरका उमटला. दादांनी छत्री घेतली आणि खुर्चीच्या कडेला हात लावत, जपून पावले टाकत ते बाहेर गेले.

त्या संध्याकाळी ताईंनी सवयीने दोन कप चहा केला. दुसरा कप पायरीवरच गार झाला.

पुढची दोन वर्षे कशी गेली ते मला सांगवत नाही, तरी सांगतो. तिसऱ्या खुर्चीवर कुणी बसू लागले की ताई काहीतरी निमित्त काढून त्याला दुसरीकडे बसवत. रोज सकाळी त्या फडक्याने मला पुसत आणि सातव्या ओळीपाशी त्यांचा हात थांबत असे. मीही वाट बघत होतो. दार वाजले की छत्री आधी दिसते का, हे बघायची मला सवय लागली. दादांना हवे असलेले ग्रंथ सगळे संदर्भग्रंथ; ते बाहेर नेता येत नव्हते, आणि दादांना आत येता येत नव्हते. एका रविवारी ताई त्यांच्या खोलीवर जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्या शिवणाऱ्या बाईंना हलक्या आवाजात सांगत होत्या.

"नीट बोलला हो. चहा केला, पण निम्मा बशीत सांडला. एकदाही माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही त्यानं. मी विचारलं, 'ड' कुठवर आला? तर म्हणाला, तिथंच आहे."

"रागावले असतील."

"रागावला असता तर बरं झालं असतं." ताईंनी चष्मा काढून पुसला. "माझं पुन्हा जायचं धाडस नाही होत."

समितीत विषय काढावा असे अध्यक्षांनी दोनदा सुचवले. पण भावासाठी नियम बदलला असे लोक म्हणतील, ही भीती ताईंच्या मानेवर बसली होती. त्या प्रामाणिक होत्या, मित्रांनो. तेच अवघड होऊन बसले होते. लबाड असत्या तर केव्हाच सुटल्या असत्या.

आणि एका सकाळी पोस्टमनने खिडकीतून एक लिफाफा आत दिला. ताईंनी तो फोडला. आत एकाच शब्दाची चिठ्ठी होती. दहा-बारा बाद कार्डांच्या पाठीवर लिहिलेली, अक्षर मोठे, वेडेवाकडे, ओळी एकमेकींवर चढलेल्या. ताई ती उभ्या उभ्याच वाचू लागल्या. अक्षर लागत नव्हते म्हणून त्या नकळत पुटपुटू लागल्या, आणि पुटपुटता पुटपुटता त्यांचा आवाज इतका मोठा झाला की सगळ्या वाचनालयाने माना वर केल्या. चिठ्ठीत असे होते :

"ड्रॅकोनियन. विशेषण. वर्तमानपत्रांतून रुळलेला परका शब्द. अर्थ : अपराधाच्या मानाने शिक्षा फार जबर असलेला, दयामाया नसलेला (कायदा, नियम, हुकूम). मूळ : ड्रॅको हा सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वी अथेन्स या ग्रीक नगरात कायदे करणारा माणूस. त्याच्या आधी तिथे कायदा लिहिलेला नव्हता. तो थोड्या बड्या घराण्यांच्या तोंडी असे आणि त्यांच्या सोयीने फिरे. ड्रॅकोने तो लिहून काढला. तो लाकडी फळ्यांवर लिहून लोकांसमोर ठेवला होता. भाजी चोरली तरी मृत्यू, खून केला तरी मृत्यू, असे ते कायदे होते म्हणतात. त्याला कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की लहान गुन्ह्याला हीच शिक्षा योग्य आहे, आणि मोठ्याला याहून मोठी मला सापडली नाही. पुढे कोणी म्हटले, हे कायदे शाईने नव्हे, रक्ताने लिहिलेले होते. साधारण एका पिढीनंतर सोलन नावाच्या शहाण्या माणसाने ते रद्द केले, फक्त खुनाबद्दलचा तेवढा ठेवला. टीप : हा शब्द आता शिवीसारखा वापरतात. वापरणाराने एवढे ध्यानात ठेवावे, की त्या नगरात कायदा सगळ्यांसाठी लिहून ठेवणारा पहिला माणूसही तोच. त्याचा हेतू वाईट होता असे कोशकाराला वाटत नाही. त्याने फक्त खाली एक ओळ मोकळी ठेवायला हवी होती."

शेवटचे वाक्य ताईंनी दोनदा वाचले. मी तर भिंतीवर थिजून गेलो होतो. लाकडी फळ्या! म्हणजे सव्वीसशे वर्षांपूर्वी माझे खापरपणजोबा असेच कुठेतरी उभे होते. लोकांना वाचता येते म्हणून त्यांचाही ऊर भरून आला असेल, आणि अंगावर काय लिहिले आहे ते उमगल्यावर माझ्यासारखीच लाजही वाटली असेल. लाकडाचे हे दुःख जुने आहे तर!

 मग कोपऱ्यातून शिवणाऱ्या बाई उठल्या. टेबलापाशी येऊन त्यांनी ताईंच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तीन नंबर."

ताईंना क्षणभर कळलेच नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मोठ्याने बोलू, वाचू किंवा हसू नये. त्यांनी भर वाचनालयात मोठ्याने वाचले होते, तेही अख्खी चिठ्ठी. आता ग्रंथपालांचेच सभासदत्व कायमचे रद्द! कुणीतरी फिसकन हसले, मग आणखी एक जण, मग खिडकीबाहेरचा पोस्टमनही. तिसऱ्या नियमाखाली त्या दिवशी अख्खे वाचनालय बाहेर जायला हवे होते. ताई डोळे पुसत पुसत हसत होत्या.

"शिडी आणा," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात समिती बसली. कुणी कुणाला घरचा माणूस म्हटले नाही, कारण या खेपेला सगळेच गुन्हेगार होते. पेंटर आला. आता त्याच्या मिशा पिकल्या होत्या. अकरापैकी दहा नियमांपुढचे ते तीन शब्द त्याने खरवडून काढले आणि म्हणाला, "तेव्हाच सांगत होतो, एवढं लिहायला नको." जाणूनबुजून चोरी करणाऱ्यापुढचे तेवढे तसेच राहिले. अकरावा नियम मुळासकट गेला. आणि खालच्या मोकळ्या ओळीवर ताईंनी स्वतः उभे राहून लिहून घेतले : चूक झाली तर येऊन सांगावे आणि पुन्हा आपल्या जागी बसावे.

पोस्टमनला त्याच दिवशी नवे सभासदपत्र मिळाले. तो आधी त्या बकऱ्यांच्या पुस्तकाकडे गेला. मग ताईंनी दिलेला निरोप घेऊन दादांकडे गेला आणि तासाभराने त्यांना हाताला धरूनच घेऊन आला.

हाताला धरून, मित्रांनो. दारात छत्री आधी दिसली, पण ती जमीन चाचपत होती. ताई धावत गेल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. दादा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, कारण त्यांना चेहरा दिसतच नव्हता. त्या रविवारीही दिसला नव्हता. बशीत सांडलेला चहा, एकमेकींवर चढलेल्या ओळी, सगळे एका झटक्यात ताईंना कळले. मलाही कळले.

"दादा, बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? डॉक्टर म्हणाले, डोळे दोन-तीन वर्षं टिकतील. मी म्हटलं, तेवढ्यात तू काहीतरी करशीलच." ते हसले. "तेवढी चिठ्ठी लिहून झाली बघ. पुढची अक्षरं मग दिसेनाशी झाली."

ताईंनी त्यांचा हात घट्ट धरला. किती वेळ कोण जाणे, त्या रडत होत्या, आणि ते लहानपणी थोपटत असतील तसे त्यांना थोपटत होते. मग दादा म्हणाले, "ती ओळ कुठेशी आहे?"

ताईंनी त्यांचे बोट आणून माझ्यावर ठेवले. पेंटरने रंग जाड दिला होता, अक्षरे हाताला लागत होती. ते बोट माझ्यावरून सावकाश चालले. वीस वर्षे मोठ्या साहेबांची कोपरे माझ्यावर घासली गेली, सोळा वर्षे ताईंचे फडके फिरले, पण मला असे कुणी वाचले नव्हते. 'पुन्हा' या शब्दापाशी बोट थांबले, मागे गेले आणि परत पुढे आले.

"बरी आहे," दादा म्हणाले.  "चल, 'ड' झाला. आता 'ढ'."

"ढ मी आहेच," ताई म्हणाल्या, आणि दादा इतक्या मोठ्याने हसले की कपाटावरची धूळ उडाली असेल.

आता रोज तिसऱ्या खुर्चीवर दादा बसतात आणि शेजारी ताई त्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. दादा सांगतात, ताई कार्डाच्या पाठीवर लिहितात. संध्याकाळी पायरीवर दोन कप लागतात. कोश पुढे सरकतो आहे, पण फार हळू. पूर्वी दादा दिवसाला दहा शब्द करत, आता दोघांत मिळून दोन होतात. कधी कधी वाचता वाचता ताई मध्येच थांबतात, दादांच्या डोळ्यांकडे बघतात आणि मग माझ्याकडे. ती दोन वर्षे त्यांना परत हवी आहेत. मलाही हवी आहेत. पण ती कुठल्याही खणात सापडत नाहीत.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्या फलकाचे एवढे ऐका. उद्या तुम्हीही कुठेतरी नियम कराल. घरात, वर्गात, कदाचित मोठ्या कचेरीत. जरूर करा, आणि ते सगळ्यांना वाचता येतील असे लिहा. ज्याच्या अंगावर लिहाल त्या लाकडाला कधीतरी पुसा, त्याची भेग बुजवा. खाली एक ओळ मोकळी ठेवा. आणि ती भरायची वेळ आली की लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. ताईंनी दोन वर्षे केला, आणि तेवढ्या वेळात दादांचे डोळे गेले.